बर्लिनची भिंत आणि ज्युडिटचे दोन हत्ती

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, नाहीतर गटाची बैठक आटपून पायरीवर टेकला असाल. आज मी तुम्हाला एक डाव सांगणार आहे. पत्त्यांचा नाही, बुद्धिबळाचा. एकच डाव, बेचाळीस खेळ्यांचा. 9 सप्टेंबर 2002 या दिवशी रशियात, मॉस्को शहरात तो खेळला गेला. पांढरी मोहरी घेऊन बसली होती हंगेरीची ज्युडिट पोल्गार, वय 26. समोर काळी मोहरी घेऊन गॅरी कास्पारोव्ह. पंधरा वर्षं जगज्जेता राहिलेला आणि त्या दिवशीही जगात पहिल्या क्रमांकावर असलेला माणूस.

ज्यांच्या घरी पट आहे त्यांनी तो पुढ्यात घ्या. नसेल तर अंगणात खडूने आठ गुणिले आठ घरं आखा, तेवढी पुरतात. नावं तर तुम्हाला ठाऊक आहेत. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, पुढे आठ प्यादी. आता एक गंमत बघा. आपण ज्याला वजीर म्हणतो, त्याला युरोपात राणी म्हणतात. पटावरचं सगळ्यात ताकदीचं मोहरं, आणि तिकडे ते बाईच्या नावावर आहे. आपल्याकडे पटावर बाईच नाही! ज्युडिटच्या डावात आठव्याच खेळीला ही राणी पटावरून निघून गेली, दोन्हीकडची. मग काय उरलं, ते पुढे सांगतेच.

आधी माणसं समजून घेऊ.

ज्युडिट तिघी बहिणींत धाकटी. सुसान 1969 ची, सोफिया 1974 ची, ज्युडिट 1976 ची. बुडापेस्टमध्ये साधं घर. वडील लास्लो आणि आई क्लारा, दोघं शिक्षकी पेशातली. वडिलांचं एक ठाम मत होतं, की मूल जात्याच हुशार किंवा ढ नसतं, लहानपणापासून नीट शिकवलं तर कुठलंही धडधाकट मूल मोठं काम करू शकतं. त्यांनी मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवलं. सरकारी अधिकाऱ्यांशी त्यावरून वाद झाले. मला विचाराल तर मुलींना शाळेत न घालणं हे मी कुणाला सुचवणार नाही. आपल्याकडे मुलगी घरी बसली की तिच्या हातात पट नाही, झाडू येतो. पण त्या घरात मुलींना रोज तासन्‌तास पटासमोर बसू दिलं, आणि "मुलींनी मुलींशीच खेळायचं" हे ऐकून घेतलं नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते.

थोरली सुसान. 1986 साली तिने जगज्जेतेपदाच्या पुरुषांच्या पात्रता फेरीत जागा मिळवली, आणि ती मुलगी आहे म्हणून तिला खेळू दिलं नाही. पुढे 1988 मध्ये ग्रीसच्या थेसालोनिकी शहरात महिलांचं ऑलिम्पियाड झालं. हंगेरीच्या संघात चौघी, त्यातल्या तिघी या बहिणी. त्यांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला मागे टाकून सुवर्णपदक घेतलं. ज्युडिट तेव्हा बारा वर्षांची. तेरा डावांत साडेबारा गुण! म्हणजे एक डाव बरोबरीत, बाकी सगळे जिंकले. आणि 1991 मध्ये, पंधरा वर्षं आणि काही महिने वय असताना, ती ग्रँडमास्टर झाली. त्या वेळेपर्यंत इतक्या लहान वयात तो किताब कुणालाच मिळाला नव्हता, मुलग्यालाही नाही.

इथे थोडं थांबून आपल्याकडची आठवण सांगते, कारण तीन बहिणींची गोष्ट आपल्या मुंबईतही झाली आहे, पोल्गार बहिणींच्या आधी. वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर. 1974 मध्ये देशातली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. 1976 मध्ये रोहिणी तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच साली ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही खेळली. भारतातली पहिली मुलगी. केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की बाई आहे म्हणून कुणालाही स्पर्धेतून अडवता येणार नाही. हे 1976 सालचं. आणि सुसानला अडवलं 1986 साली. नियम झाला म्हणजे दार उघडलं असं नसतं, हे ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणी सांगतील.

आता कास्पारोव्ह. माणूस खेळात अफाट, त्याबद्दल वाद नाही. पण बायकांच्या बुद्धिबळाबद्दल तो फार वाईट बोलून बसला होता. बायकांचा स्वभावच या लढाईचा नाही, असं त्याचं म्हणणं मुलाखतींतून छापून आलं होतं. आणि 1994 मध्ये स्पेनमधल्या लिनारेस गावच्या स्पर्धेत एक प्रकार घडला. ज्युडिट सतरा वर्षांची, एवढ्या मोठ्या स्पर्धेचं तिला आमंत्रण आलेलं. कास्पारोव्हने घोडा एका घरात ठेवला, क्षणभर हात सुटला, मग चूक लक्षात येताच तोच घोडा उचलून दुसऱ्या घरात ठेवला. नियम तर आपल्या पारावरच्या पोरांनाही पाठ असतो, हात सुटला की खेळी झाली. ज्युडिटने पाहिलं. पण ती गप्प राहिली. पंचही काही बोलले नाहीत. तो डाव ती हरली. नंतर कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं तेव्हा हात खरोखरच सुटला होता असं दिसलं.

ती का बोलली नाही, असं विचारणं सोपं आहे. मोठ्यांच्या बैठकीत पहिल्यांदाच खुर्ची मिळालेली, समोर जगज्जेता, सोबतीला कुणी नाही. ग्रामसभेत पहिल्या वेळी कितीजणींचा आवाज फुटतो?

आता वळू मॉस्कोच्या डावाकडे. रशियाचा संघ एका बाजूला आणि उरलेल्या जगाचा संघ दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. डाव जलद प्रकारचे, म्हणजे दिवसभर विचार करत बसायचं नाही, घड्याळ डोक्यावर. ज्युडिट जगाच्या संघातून खेळत होती.

पट मांडा. पांढऱ्याची पहिली खेळी, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. आपल्याकडे जुनी मंडळी देशी पद्धतीने खेळतात, त्यात बहुतेक ठिकाणी प्यादं पहिल्यांदा एकच घर चालतं, पण स्पर्धेच्या नियमात दोन घरं चालतात. काळ्यानेही राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे आणलं. दोन्ही प्यादी समोरासमोर अडली. पांढऱ्याने राजाकडचा घोडा बाहेर काढला, त्याचा रोख काळ्या प्याद्यावर. काळ्याने वजिराकडचा घोडा काढून प्याद्याला आधार दिला. मग पांढऱ्याने राजाकडचा उंट तिरका लांब नेला आणि थेट त्या राखणदार घोड्यावर रोखला. प्याद्याला हात लावायचा नाही, प्याद्याच्या राखणदाराला दम द्यायचा! या सुरुवातीला स्पॅनिश डाव म्हणतात. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये रुय लोपेझ नावाचा पाद्री होता, त्याने बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावानेही ही सुरुवात ओळखली जाते. साडेचारशे वर्षं झाली, अजून जुनी झालेली नाही.

इथे काळ्यापुढे बरेच रस्ते असतात. कास्पारोव्हने दुसरा घोडा बाहेर काढला. याला बर्लिन बचाव म्हणतात. पांढऱ्याने किल्लेकोट केला, म्हणजे राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेलं आणि हत्ती मध्याकडे आणला. काळ्या घोड्याने पांढरं प्यादं खाल्लं. मग मध्यावर देवघेव सुरू झाली, उंटाने घोडा मारला, प्याद्याने उंट मारला, प्याद्याने प्यादं मारलं. आणि आठव्या खेळीला पांढऱ्या वजिराने काळा वजीर मारला. त्या वजिराला मारायला काळ्याचा राजाच शिल्लक होता. राजाने मारलं, पण राजा एकदा हलला की त्याला किल्लेकोट करता येत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा डाव यावरच फिरला.

मग काळा ही सुरुवात खेळतोच कशाला? कारण बदल्यात त्याला दोन्ही उंट मिळतात, आणि वजीर गेल्यामुळे उघड्यावरच्या राजालाही लगेच धोका नसतो. पांढऱ्याला जोरदार हल्ला करता येत नाही, डाव रेंगाळतो आणि बरोबरीकडे जातो. दोनच वर्षांपूर्वी, 2000 साली लंडनमध्ये, व्लादिमिर क्रामनिकने याच बचावाने कास्पारोव्हचं जगज्जेतेपद काढून घेतलं होतं. पंधरा डावांचा तो सामना, आणि कास्पारोव्हला त्यात एकही डाव जिंकता आला नाही. पांढरी मोहरी घेऊन तो चार वेळा या बर्लिनवर आपटला आणि चारही डाव बरोबरीत सुटले. लोकांनी नाव पाडलं, बर्लिनची भिंत.

आणि आता त्याच भिंतीआड तो स्वतः जाऊन बसला. ज्युडिटसमोर! का बसला असेल? माझा अंदाज सांगते. ज्युडिटची ख्याती हल्ल्याची. प्यादी, मोहरी उधळत ती समोरच्या राजावर चाल करून जायची. वजीर लवकर पटावरून काढला की तिच्या हातातला कोयताच काढून घेतल्यासारखं झालं. मग उरतो तो बारीक, चिकट हिशेबाचा खेळ. तांदूळ निवडण्यासारखा. तिथे ही टिकणार नाही, असं त्याला वाटलं असेल.

ती टिकली. हत्तीने शह दिला आणि काळ्या राजाला मागे आपल्या मूळ घरात जावं लागलं. पट बघा, राजा मधोमध आहे. दोन हत्ती दोन कोपऱ्यांत. मध्ये राजा बसल्यामुळे हत्तींना एकमेकांच्या मदतीला येता येत नाही. घरात दोन कर्ते भाऊ आहेत, पण मधल्या खोलीला कुलूप, अशी गत. तुम्हाला पटणार नाही, पण वजिराकडच्या कोपऱ्यातला काळा हत्ती तिसाव्या खेळीपर्यंत जागचा हललाच नाही. कास्पारोव्हसारख्या माणसाचा हत्ती!

तोवर ज्युडिट काय करत होती? घाई अजिबात नाही. घोडा मध्यावर आणून काळ्या उंटाला मागे हटवलं. राजाकडची प्यादी पुढे सरकवली. त्याच घोड्याला काळ्याच्या बाजूला खोलवर नेऊन बसवलं, की काळ्याचा दुसरा उंट गुपचूप मूळ घरी परत गेला. अठरा खेळ्या झाल्या आणि काळ्याचा राजा, एक उंट, दोन्ही हत्ती आपापल्या जागी, जणू डाव सुरूच झालेला नाही. आणि ज्युडिटने स्वतःचा राजा कोपऱ्यातून बाहेर काढून चालवायला घेतला. वजीर पटावर असताना असं केलं तर जीव जाईल. वजीर नसताना राजाच कामाला येतो. ही गोष्ट शिकायला मोठमोठ्या खेळाडूंना वर्षं लागतात.

मग काळ्याने उंट देऊन तो घोडा मारला. पांढऱ्या प्याद्याने उंट परत मारला आणि ते प्यादं एक रांग बाजूला, काळ्याच्या तोंडाशी जाऊन बसलं. साधं प्यादं, पण पुढे काय करतं बघा. उरलेल्या उंटांची देवघेव झाली. आता पटावर दोन्हीकडे फक्त दोन-दोन हत्ती, राजा आणि प्यादी. तिसावी खेळी. ज्युडिटने एक हत्ती थेट काळ्या राजाच्या अंगाला चिकटून नेऊन ठेवला. राजाने मारावा ना? मारता येत नाही, कारण ते प्यादं हत्तीच्या पाठीशी उभं आहे. आणि दोन्ही हत्तींचा रोख एका काळ्या प्याद्यावर, ज्याची राखण एकटा राजा करतोय.

कास्पारोव्हने ते प्यादं सोडून दिलं आणि आपले दोन्ही हत्ती कडेच्या उभ्या रांगेत एकामागे एक लावले. शेवटची आशा अशी, की शहावर शह देऊन तिच्या राजाला दमवावं. ज्युडिटने शह देतच प्यादं खाल्लं. मग त्याने शह दिला, तिचा राजा बाजूला झाला. पुन्हा शह, पुन्हा बाजूला. तिसऱ्या शहाला राजा मागे पळाला नाही, चालत चालत पटाच्या ऐन मध्यावर जाऊन उभा राहिला! तिथे काळ्याने त्याला पुन्हा शह दिलाच नाही.

पुढची कामं हत्तींनी केली. दोन्ही पांढरे हत्ती काळ्याच्या प्याद्यांच्या मूळ रांगेत घुसले. दोन हत्ती त्या रांगेत जोडीने उभे राहिले की समोरच्याचा श्वास कोंडतो, हे खेळणाऱ्याला सांगावं लागत नाही. बेचाळिसाव्या खेळीला एका हत्तीने प्यादं खाल्लं आणि पुढच्या खेळीला मात करीन अशी धमकी उभी राहिली. कास्पारोव्हने राजा एक घर सरकवून मात तर टाळली, पण आणखी एक प्यादं जाणार हे दिसत होतं. त्याने डाव सोडला.

जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूला स्पर्धेच्या डावात एका बाईने हरवलं, असं याआधी घडलं नव्हतं. त्या सामन्यात जगाच्या संघाने रशियाला 52 विरुद्ध 48 गुणांनी हरवलं.

मी फुगवून सांगणार नाही. ज्युडिटने कास्पारोव्हला हरवलं ते एवढं एकदाच. त्याआधी ती त्याच्याकडून बऱ्याचदा हरली होती. पण पुढे कास्पारोव्हने आपलं मत बदललं आणि पोल्गार बहिणींनी बायकांच्या मर्यादेची समजूत खोटी पाडली, हे मान्य केलं. मत बदलणं त्यालाही सोपं गेलं नसेल, त्याचं श्रेय त्याला देऊ.

ज्युडिट 2004 मध्ये आई झाली. पुढच्या वर्षी अर्जेंटिनात जगज्जेतेपदासाठी आठ खेळाडूंची स्पर्धा झाली, त्यात ती एकटी बाई. त्या स्पर्धेत ती शेवटची आली. मला ती शेवटची जागाही मोलाची वाटते, कारण आठांत बसण्यासाठी जगातल्या हजारो पुरुषांच्या पुढे जावं लागतं. जगाच्या क्रमवारीत ती आठव्या क्रमांकापर्यंत पोचली होती. 2014 मध्ये तिने स्पर्धा सोडल्या. महिलांच्या जगज्जेतेपदासाठी ती कधी खेळलीच नाही.

यावरून काही जण म्हणतात, मग मुलींच्या वेगळ्या स्पर्धा हव्यात कशाला? मला हे पटत नाही. पोल्गारांच्या घरात होतं ते सगळ्यांच्या घरात नसतं. तालुक्याच्या स्पर्धेत चाळीस मुलगे आणि दोन मुली असतील, तर त्या दोघी पुढच्या वर्षी येत नाहीत. मुलींची स्पर्धा असली की आई सोबत जाते, चार मैत्रिणी होतात, बक्षीस मिळतं, घरचे पुढे खेळू देतात. ज्या 2002 साली हा डाव झाला, त्याच साली आंध्रची कोनेरू हम्पी ज्युडिटहून तीन महिने लहान वयात ग्रँडमास्टर झाली. आणि 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियात बातुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली ती दोन भारतीय बायकांमध्ये, याच हम्पी आणि आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. मुख्य दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांवर निकाल, आणि दिव्या जिंकली. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. ती स्पर्धा महिलांचीच होती.

आपल्या गावात पट असतो तो पारावर, नाहीतर शाळेच्या कपाटात कुलुपात. आपला गट तो बाहेर काढू शकतो. शाळेत मागा. नवा प्लॅस्टिकचा पट घ्यायचा तर गटाच्या एका महिन्याच्या चहाच्या खर्चात भागतो. वेळ मात्र ठरवून द्या, कारण मुलगा खेळत असला की "खेळतोय" म्हणतात आणि मुलगी खेळत असली की पाणी भरायला हाक येते. ज्युडिटच्या घरी तिला डावाच्या मधून कुणी उठवलं नाही, एवढं तरी आपण करू शकतो.

पट मांडताना प्रत्येकीच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर येऊ द्या. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या घरात. मग आज सांगितलेल्या खेळ्या मांडा, राजापुढची प्यादी, दोन घोडे, आणि तो लांब जाणारा उंट. तिथे थांबा आणि मुलींना विचारा, उंटाने आता लगेच घोडा मारावा की थांबावं? त्यांना भांडू द्या. काय ठरलं ते पत्राने कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवीन. नमस्कार.